आकृती सरकवा, पण बिंदू धरून: आलेख कागदावरचे स्थानांतरण

"त्रिकोण ६ एकके उजवीकडे आणि ५ एकके खाली सरकवा." असे वाचले की बरेच जण मनातल्या मनात अख्खा त्रिकोण उचलतात आणि अंदाजाने दुसरीकडे ठेवतात. दोन कोपरे जवळपास बरोबर पडतात, तिसरा अर्ध्या घराने हुकतो, एक बाजू लांबते आणि उत्तर जाते. प्रश्नात सरकवायची असते ती आकृती, पण हात लावायचा तो शिरोबिंदूंना. प्रत्येक शिरोबिंदू वेगळा, आकडेमोड करून हलवायचा आणि शेवटी पट्टीने जोडायचे. आकृती मग आपोआप जागेवर येते.

स्थानांतरणाचा नियम एका ओळीत मावतो: प्रतलातला प्रत्येक बिंदू एकाच दिशेने आणि एकाच अंतराने सरकतो. आकृती वळत नाही, उलटत नाही, लहानमोठी होत नाही. शाळेच्या पुस्तकांत अक्षांना एक्स आणि वाय म्हणतात, इथे आपण जुन्या वळणाने क्ष आणि य म्हणू. सूत्र असे:

(क्ष, य) → (क्ष + म, य + न)

म म्हणजे आडवे सरकणे: उजवीकडे धन, डावीकडे ऋण. न म्हणजे उभे सरकणे: वर धन, खाली ऋण. मूळ बिंदू अ असेल तर सरकलेला बिंदू अ′ असा लिहायचा, वाचायचा 'अ डॅश', आणि त्याला अ ची प्रतिमा म्हणायचे. हा डॅश गाळला की पुढे पडताळा घेताना कोणता बिंदू कोणाचा हे कळेनासे होते, म्हणून तो पहिल्यापासून लावा.

आधी कागद

आलेख कागद, टोकदार पेन्सिल, पट्टी, दोन गुण्या आणि कर्कटक एवढे पुरते. नेहमीच्या आलेख कागदावर १ सेंमीची ठळक घरे आणि त्यांत १ मिमीच्या बारीक रेघा असतात. अक्ष काढण्याआधी सगळे आकडे, म्हणजे मूळ बिंदू आणि त्यांच्या प्रतिमा, कच्च्या कागदावर काढून ठेवा. हा क्रम उलटा झाला की अक्ष कागदाच्या मधोमध काढले जातात, मूळ आकृती नीट बसते आणि प्रतिमा कागदाबाहेर जाते. मग खोडरबर चालवत बसावे लागते.

उदाहरण म्हणून त्रिकोण अबक घेऊ: अ(−४, १), ब(−१, १), क(−२, ४). तो ६ उजवीकडे, ५ खाली सरकवायचा आहे, म्हणजे म = ६ आणि न = −५.

अ: −४ + ६ = २ आणि १ − ५ = −४, म्हणून अ′(२, −४)
ब: −१ + ६ = ५ आणि १ − ५ = −४, म्हणून ब′(५, −४)
क: −२ + ६ = ४ आणि ४ − ५ = −१, म्हणून क′(४, −१)

आता सहाही बिंदू बघा. क्ष −४ पासून ५ पर्यंत जातो, य −४ पासून ४ पर्यंत. दोन्ही बाजूंना एकेक घर मोकळे सोडले तर ११ सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच जागा हवी. १ सेंमी = १ एकक हे प्रमाण आरामात बसते. ते कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लिहा.

प्रमाण १ सेंमी = २ एकके असे घेतले तर '६ उजवीकडे' म्हणजे कागदावर ३ सेंमी. घरे मोजून बिंदू हलवणारे इथे हमखास फसतात, कारण ते एकके न मोजता घरे मोजतात. आकडेमोड आधी करून मग बिंदू मांडणाऱ्याला ही अडचण येत नाही. त्याला फक्त अक्षावरचे आकडे वाचायचे असतात.

दोन अक्षांवर वेगवेगळे प्रमाण घेतले तरी स्थानांतरणाचे काही बिघडत नाही. मूळ आकृती जेवढी ताणलेली दिसते तेवढीच प्रतिमाही ताणलेली दिसते आणि दोघी एकमेकींवर तंतोतंत बसतात. पण मग तिरप्या बाजूची लांबी पट्टीने मोजून ती एककांत सांगता येत नाही. पट्टीने पडताळा घ्यायचा असेल तर दोन्ही अक्षांवर प्रमाण एकच ठेवा.

मांडणी आणि जोडणी

बिंदू मांडताना आधी क्ष, मग य. −४ साठी आरंभबिंदूपासून डावीकडे चार, तिथून वर एक, तिथे अ. टिंब जाड काढू नका. २ मिमीचे टिंब काढले तर पट्टी त्याच्या डाव्या कडेला टेकली की उजव्या, यावर बाजूचा कल बदलतो. बारीक फुली बरी, कारण तिचे छेदस्थान एकच असते.

जोडताना मूळ आकृतीचाच क्रम पाळा. त्रिकोणात तीन बिंदू कसेही जोडले तरी त्रिकोणच होतो, म्हणून ही सवय लागत नाही. चौकोनाला मात्र क्रम चुकला की बाजूंच्या जागी कर्ण काढले जातात आणि प्रतिमा फुलपाखरासारखी मध्ये मुरडलेली दिसते. अबकड असा चौकोन असेल तर अ′ ते ब′, ब′ ते क′, क′ ते ड′ आणि ड′ पासून परत अ′, याच क्रमाने. मूळ आकृती सलग रेषेने आणि प्रतिमा तुटक रेषेने काढली तर दोन्ही एकमेकींवर चढल्या तरी गोंधळ होत नाही. सरकणे आकृतीच्या रुंदी-उंचीपेक्षा कमी असेल तर बऱ्याचदा त्या चढतातच. ते चूक नव्हे.

मोजण्यातल्या तीन चुका

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते की एका ओळीत सात ठिपके असतील तर त्यांच्यामध्ये जागा सहाच असतात. आलेख कागदावर घरे मोजून बिंदू सरकवताना नेमकी हीच चूक होते: बिंदू जिथे आहे त्या रेघेलाच 'एक' म्हणून सुरुवात केली जाते आणि सहाच्या जागी पाचच घरे सरकतात. मोजायच्या त्या उड्या. बिंदूवर बोट ठेवून 'शून्य' म्हणा, पुढच्या रेघेवर 'एक'.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण तिच्यातून आलेली आकृती अगदी व्यवस्थित दिसते. '६ उजवीकडे' याचा अर्थ मूळ आकृती आणि प्रतिमा यांच्यामध्ये ६ घरांची मोकळी जागा, असा घेतला जातो. वरच्या त्रिकोणाची उजवी कड ब वर आहे, क्ष = −१. तिथून सहा मोजून नव्या त्रिकोणाची डावी कड क्ष = ५ वर ठेवली जाते. प्रत्यक्षात डावी कड −४ वरून ५ वर गेली, म्हणजे ९ एकके सरकली: त्रिकोणाची रुंदी ३ आणि वर ६. बरोबर उत्तरात ब आणि अ′ यांच्या क्ष-निर्देशकांत फक्त ३ चा फरक आहे, ६ चा नाही. अंतर नेहमी बिंदूपासून त्याच्याच प्रतिमेपर्यंत मोजायचे, एका आकृतीच्या कडेपासून दुसरीच्या कडेपर्यंत नाही.

तिसरी चूक म्हणजे प्रत्येक वेळी आरंभबिंदूपासून मोजणे. मग अ′ थेट (६, −५) वर मांडला जातो. (६, −५) ही जागा नव्हे, तो बाण आहे: सहा उजवीकडे, पाच खाली. तो ज्या बिंदूला जोडाल तिथून निघतो. आरंभबिंदूची प्रतिमा मात्र खरोखरच (६, −५) वर पडते, आणि म्हणूनच हा गोंधळ होतो.

चिन्हांचे म्हणाल तर धोका ऋण अधिक ऋण इथे असतो. −४ वरून ३ डावीकडे म्हणजे −४ + (−३) = −७. घाईत −१ लिहिले जाते. शंका आली तर अक्षाकडे बघा: डावीकडे सरकलेला बिंदू आधीपेक्षा डावीकडेच असला पाहिजे. चरण बदलला तर चिन्हे बदलतील, त्यात आश्चर्य नाही. आपला अबक दुसऱ्या चरणातून थेट चौथ्यात गेला आणि सहाही चिन्हे उलटली. त्यावरून 'स्थानांतरणात चिन्हे उलटतात' असा नियम मात्र काढू नका.

'क्ष-अक्षाला समांतर ४ एकके सरकवा' या वाक्यात न = ० असतो, य ला हात लावायचा नाही. इथेही उजवीकडे की डावीकडे हे सांगितलेले असले पाहिजे. दिशा नसेल तर प्रश्न अर्धवट आहे.

पडताळा

सगळ्यात झटपट पडताळा बेरजेचा. मूळ त्रिकोणाच्या क्ष-निर्देशकांची बेरीज −४ − १ − २ = −७. प्रतिमेची २ + ५ + ४ = ११. फरक १८, म्हणजे तीन शिरोबिंदू गुणिले ६. य ची मूळ बेरीज १ + १ + ४ = ६, प्रतिमेची −४ − ४ − १ = −९, फरक −१५, म्हणजे ३ गुणिले −५. जुळले. चौकोनात चारपट, पंचकोनात पाचपट. दोन चुका एकमेकींना खोडत असतील तर हा पडताळा त्या पकडत नाही, आणि बिंदू कागदावर चुकीच्या जागी मांडला असेल तर तेही याला कळत नाही. पण आकडेमोडीतली एकटी चूक यातून निसटत नाही.

कागदावरच्या चुकीसाठी बाण काढा. अ पासून अ′, ब पासून ब′, क पासून क′ असे तीन फिके बाण जोडले की ते सारख्या लांबीचे आणि एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. आपल्या उदाहरणात प्रत्येकाची लांबी √(६² + ५²) = √६१, म्हणजे साधारण ७.८ सेंमी. एक बाण जरी वाकडा गेला तर तोच बिंदू चुकला. कोणता बिंदू तपासायचा हे बाण स्वतःच दाखवतात, म्हणून बाजू मोजण्यापेक्षा ही तपासणी अधिक कामाची.

बाजूंची लांबीही सारखी राहते. बक साठी अंतर √(१² + ३²) = √१०. ब′क′ साठी ५ ते ४ आणि −४ ते −१, तेही √१०. अक आणि अ′क′ दोन्ही √१३. पण लक्षात घ्या, आकृती वळवली किंवा उलटवली तरी लांब्या बदलत नाहीत. लांब्या जुळणे म्हणजे आकृती एकरूप असणे, स्थानांतरण झाले असे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रत्येक बाजू तिच्या प्रतिमेला समांतर आणि त्याच दिशेची हवी.

अ, अ′, ब′, ब जोडले तर समांतरभुज चौकोन मिळतो. कर्णांचे मध्यबिंदू बघा: अब′ चा (०.५, −१.५) आणि बअ′ चाही (०.५, −१.५). सरकणे बाजूच्याच दिशेने असेल तर मात्र चारही बिंदू एका रेषेत येतात आणि चौकोन उरत नाही. हा अबक नुसता उजवीकडे सरकवला तर आडव्या अब च्या बाबतीत असेच होईल. तेव्हा समांतरभुज चौकोन दिसत नाही म्हणून उत्तर खोडू नका.

उलटे प्रश्न

मूळ आणि प्रतिमा दिली असेल आणि सरकणे शोधायचे असेल तर प्रतिमेतून मूळ वजा करा. क्रम उलटला तर चिन्हे उलटी येतात. एक जोडी पुरते, पण ती खरी जोडी असली पाहिजे. आकृतीवर नावे नसतील तर सगळ्यात डावीकडचा कोपरा सगळ्यात डावीकडच्या कोपऱ्याशी जोडा, सगळ्यात खालचा सगळ्यात खालच्याशी. स्थानांतरणात ही स्थाने बदलत नाहीत.

एका जोडीवर थांबू मात्र नका, कारण दिलेला बदल स्थानांतरण आहे की नाही हे एका जोडीवरून कळत नाही. अ(०, ०), ब(२, ०), क(०, ३) आणि अ′(५, १), ब′(३, १), क′(५, ४) घ्या. अ च्या जोडीचा फरक (५, १), क च्या जोडीचाही (५, १). दोन जोड्या जुळल्या म्हणून थांबलात तर फसलात, कारण ब च्या जोडीचा फरक (१, १) येतो. हा त्रिकोण डावा-उजवा उलटवून मग एक घर वर नेला आहे. सगळे फरक सारखे आले तरच स्थानांतरण म्हणायचे.

प्रतिमा दिली आणि मूळ विचारले तर (म, न) वजा करा. '६ उजवीकडे, ५ खाली सरकल्यावर (१, १) मिळाला' यात मूळ बिंदू (−५, ६). कधी '(म, न) काढा म्हणजे अ आरंभबिंदूवर येईल' असे विचारतात. तेव्हा अ चे निर्देशक चिन्ह बदलून घ्या. अ(−४, १) साठी सरकणे (४, −१), मग ब′(३, ०) आणि क′(२, ३).

या शेवटच्या युक्तीचा उपयोग परीक्षेपलीकडेही आहे. शिरोबिंदू (७, ५), (१०, ९), (१२, ६) असलेल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढायचे आहे. सगळे (−७, −५) ने सरकवा: (०, ०), (३, ४), (५, १). एक कोपरा आरंभबिंदूवर आला की क्षेत्रफळ म्हणजे उरलेल्या दोन बिंदूंच्या तिरप्या गुणाकारांच्या फरकाच्या निम्मे, चिन्ह सोडून: ३ × १ − ४ × ५ = −१७, म्हणून ८.५ चौरस एकके. स्थानांतरणाने क्षेत्रफळ बदलत नाही, म्हणून हेच मूळ त्रिकोणाचे उत्तर. मोठे आकडे घेऊन झगडण्यापेक्षा आधी आकृतीच सोयीच्या जागी आणणे केव्हाही शहाणपणाचे.

एकापाठोपाठ एक

आधी (३, −२), मग (−५, ६) असे दोनदा सरकवायचे असेल तर बेरीज करून एकदाच (−२, ४) सरकवा. क्रम कोणताही चालतो. वळवणे मध्ये आले की मात्र क्रम पाळावाच लागतो. बिंदू (२, ०) आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने ९०° वळवला तर (०, २), मग ३ उजवीकडे, (३, २). हेच उलट्या क्रमाने: आधी (५, ०), मग वळवून (०, ५). दोन वेगळी उत्तरे.

दिशा कोनात दिली असेल, समजा 'क्ष-अक्षाशी ३०° वर, १० एकके', तर १० दोन्ही निर्देशकांत मिळवायचे नाहीत. आडवा भाग १० × कोसाइन ३०° = ८.६६ आणि उभा भाग १० × साइन ३०° = ५. सरकणे (८.६६, ५).

घरे नसलेल्या कागदावर

कोऱ्या कागदावर बाण दिला असेल आणि त्यानुसार आकृती सरकवायची असेल तर दोन गुण्या काढा. पहिल्या गुण्याची एक कड बाणावर नेमकी लावा. तिच्या दुसऱ्या कडेला दुसरा गुण्या टेकवून तो घट्ट दाबून धरा. आता पहिला गुण्या त्याच्या कडेने सरकवत आकृतीच्या एका शिरोबिंदूपर्यंत आणा आणि फिकी रेषा काढा. ती बाणाला समांतर आहे. असे प्रत्येक शिरोबिंदूतून करा. कर्कटकात बाणाची लांबी घेऊन प्रत्येक रेषेवर, बाणाच्या टोकाच्याच दिशेने, तेवढी खूण करा. त्या खुणा म्हणजे प्रतिमेचे शिरोबिंदू. सरकणारा गुण्या कोन न बदलता पुढे जातो, म्हणजे तो स्वतःच स्थानांतरण करत असतो, हे हातात धरल्यावर फार छान समजते. दुसरा गुण्या जरा हलला की त्यानंतरच्या सगळ्या रेषा वाकड्या. तो हलल्यासारखा वाटला तर पुन्हा बाणापासून सुरुवात करा.

वर्तुळ, रेषा आणि वक्र

वर्तुळाला शिरोबिंदू नसतात. केंद्र सरकवा, त्रिज्या तीच ठेवून कंपास फिरवा. क्ष² + य² = २५ हे वर्तुळ २ डावीकडे आणि ४ वर नेले तर केंद्र (−२, ४) आणि समीकरण (क्ष + २)² + (य − ४)² = २५.

इथे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न उभा राहतो. डावीकडे सरकलो, म्हणजे −२, मग समीकरणात + २ का? कारण समीकरणातला (क्ष, य) हा नवा बिंदू आहे. जुने समीकरण जुन्या बिंदूला लागू पडते. नव्या बिंदूवरून जुन्यावर जायचे तर सरकणे वजा करावे लागते: जुना क्ष = नवा क्ष − म, जुना य = नवा य − न. ते जुन्या समीकरणात घातले की नवे समीकरण तयार. बिंदू हलवताना मिळवायचे आणि समीकरण हलवताना वजा करायचे, हे पाठ करण्यापेक्षा कारणासकट लक्षात ठेवलेले बरे. पडताळाही सोपा: जुन्या वर्तुळावर (३, ४) आहे, सरकवल्यावर (१, ८). (१ + २)² + (८ − ४)² = ९ + १६ = २५.

तसेच य = क्ष² हा वक्र ३ उजवीकडे आणि २ वर नेला तर य − २ = (क्ष − ३)², म्हणजे य = (क्ष − ३)² + २. य कडचे वजा २ दुसऱ्या बाजूला जाऊन अधिक होते, म्हणून क्ष चे चिन्ह 'उलटे' आणि य चे 'सरळ' वाटते. दोन्ही एकाच नियमाने आले आहेत. खात्रीसाठी एक बिंदू पुरतो: टोक (०, ०) सरकून (३, २) वर आले पाहिजे. क्ष = ३ घाला, य = २. चुकून क्ष + ३ लिहिले असते तर य = ३८ आले असते.

रेषेची गंमत वेगळीच. य = २क्ष + १ ही रेषा ३ उजवीकडे, २ वर नेली: य − २ = २(क्ष − ३) + १, म्हणजे य = २क्ष − ३. चढ बदलला नाही, बदलणारही नाही, कारण प्रतिमा मूळ रेषेला समांतर असते. पण हीच प्रतिमा नुसते ४ खाली सरकवूनही मिळते. आणि (१, २) ने सरकवली तर रेषा आहे तिथेच राहते, कारण ती स्वतःवरूनच घसरते. म्हणून रेषा आणि तिची प्रतिमा देऊन 'सरकणे शोधा' म्हटले तर एक ठाम उत्तर नसते. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ अशा बंदिस्त आकृतीला मात्र उत्तर एकच असते.

पडद्यावर

जिओजेब्रा या भूमितीच्या संगणक-प्रणालीत बहुभुज काढताना शेवटी पहिल्या शिरोबिंदूवर पुन्हा क्लिक करावे लागते, नाहीतर आकृती बंद होत नाही. मग व्हेक्टरच्या साधनाने बाण काढा, 'ट्रान्सलेट बाय व्हेक्टर' निवडा, आधी आकृतीवर आणि नंतर बाणावर क्लिक करा. बाण कुठे काढला याने फरक पडत नाही, त्याची लांबी आणि दिशाच मोजली जाते. इनपुटच्या ओळीत बाण लिहून द्यायचा असेल तर त्याचे नाव इंग्रजीतल्या स्मॉल अक्षराने सुरू करा. कॅपिटल अक्षर दिले तर तोच कंस बाण न होता बिंदू होतो. आलेली प्रतिमा ओढून हलत नाही, आणि त्यात काही बिघडलेले नसते. ती मूळ आकृतीवर आणि बाणावर अवलंबून असते, म्हणून मूळ किंवा बाणाचे टोक ओढा, प्रतिमा मागोमाग जाईल.

वेबपानावर एसव्हीजी किंवा कॅनव्हास या पद्धतींनी, म्हणजे कोड लिहून, चित्र काढणाऱ्यांनी एक गोष्ट आधी पक्की करावी: तिथे आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि य खाली वाढतो. (६०, ५०) ने सरकवलेली आकृती ५० पिक्सेल खाली जाते. आलेख कागदावरचे आकडे जसेच्या तसे घातले की चित्र उलटे पडते ते यामुळेच. एसव्हीजीत आधी ट्रान्सलेट(६०, ५०) आणि त्यापुढे स्केल(२) लिहिले तर आकृती आधी मोठी होते आणि मग ६०, ५० ने सरकते. हेच उलटे लिहिले तर सरकणेही दुप्पट होऊन १२०, १०० होते. आकृती भलत्याच जागी दिसली तर आकडे तपासण्याआधी हा क्रम तपासा.

संगणकात स्थानांतरणासाठी दोन ओळी-दोन स्तंभांची सारणी (मॅट्रिक्स), जिने बिंदूच्या निर्देशकांना गुणायचे असते, चालत नाही. अशी कोणतीही सारणी (०, ०) ला (०, ०) वरच ठेवते, आणि स्थानांतरणात आरंभबिंदूही हलायला हवा. म्हणून बिंदू (क्ष, य, १) असा लिहून ३ × ३ ची सारणी वापरतात: पहिली ओळ १, ०, म, दुसरी ०, १, न, तिसरी ०, ०, १. गुणाकार केला की पहिल्या दोन जागी क्ष + म आणि य + न मिळतात.

हात बसवण्यासाठी

१. प(२, −३), फ(६, −३), भ(६, −१), व(२, −१) हा आयत ५ डावीकडे, ४ वर सरकवा.
२. (−३, ७) ची प्रतिमा (४, −२) आहे. त्याच स्थानांतरणात (०, −५) कुठे जाईल?
३. य = क्ष² ची प्रतिमा य = (क्ष + ४)² − १ आहे. सरकणे किती?

उत्तरे: १. प′(−३, १), फ′(१, १), भ′(१, ३), व′(−३, ३). बेरजेचा पडताळा: क्ष १६ वरून −४, फरक −२०, म्हणजे ४ × −५, य −८ वरून ८, फरक १६, म्हणजे ४ × ४. २. सरकणे (७, −९), म्हणून (७, −१४). ३. ४ डावीकडे, १ खाली. '४ उजवीकडे' आले असेल तर क्ष = −४ घालून टोक कुठे पडते ते पाहा.